पावसाळ्यापुरता नवरा

त्यांचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकले होते. खांदे कानांपर्यंत चढले होते आणि छातीतून गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज येत होता. चार वर्षांची नात शेजारी उभी होती. तिनेच मला पदराला धरून स्वयंपाकघरातून ओढत आणलं होतं. "आजी, आजोबा माशासारखं तोंड करतायत," ती म्हणाली.

मी पाठ चोळली. म्हटलं, "अहो, आत चला." त्यांनी मान हलवली. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "इथेच... हवा... आहे."

समोर सगळं पांढरं होतं. पलीकडची बिल्डिंग कमरेपर्यंत बुडालेली, रस्त्यावरचे दिवे अजून चालू. त्या पांढऱ्यात तोंड घालून माझा नवरा हवा शोधत होता.

मुलगा बनियनवरच खाली धावला आणि रिक्षा घेऊन आला. त्याने आणि शेजाऱ्याने त्यांना खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. लिफ्ट होती, पण ती बंद असायची, आजही असते. सुनेने नातीला उचललं. मी रिक्षात त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला, तर नखंही निळी. मनात म्हटलं, गेलं हे माणूस. देवाचं नाव काही तोंडात आलं नाही. गॅसवर दूध ठेवलंय, एवढंच आठवलं.

दवाखान्यात त्यांच्या तोंडाला मास्क लावला, सुया टोचल्या. दुपारपर्यंत ओठांचा रंग जरा माणसासारखा झाला, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"आजोबा विडी ओढायचे?"

"कधीच नाही."

"चुलीच्या धुरात काम?"

"चूल मी फुंकली. ते फक्त जेवले."

त्या हसल्या नाहीत. "मग पहाटे कुठे असतात?"

"गॅलरीत. दव खायला बसतात."

"काय खायला?"

"दव. छातीला थंडावा मिळतो म्हणतात. नातीलाही मांडीवर घेतात."

"आजी, ते दव नाहीये," त्या म्हणाल्या. "धूर आहे. थंडीत तो वर चढत नाही, खालीच बसून राहतो. ते रोज उठून तोच ओढतायत. आणि ती छोटीही."

हे दवाचं नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा नवरा वेडा होता असं वाटेल. ते वेडे नव्हते, निर्मळ गावचे वाडीवाले होते. आमची केळीची वाडी, कडेने मोगरा, आणि वाडीच्या मागे थोडं भाताचं शेत. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायचे. वालाला कुणी पाणी देत नाही, तो दवावर पिकतो. थंडीच्या दिवसांत पहाटे शेतावर पांढरं उतरायचं, पुरुषभर उंचीचं. आमच्याकडे त्या पांढऱ्यालाही दवच म्हणतात. धुकं हा शब्द पुस्तकातला, तो मी चौथीपर्यंत शिकले त्यात कधीतरी भेटला. ते पांढरं दिसलं की हे अंगणात जाऊन तोंड वर करून उभे राहायचे. "आज चांगलं पडलंय गं," म्हणायचे, जसं काही ते ह्यांनीच पाडलं. त्यांचे वडील तसेच उभे राहायचे. त्या पांढऱ्याला ओल्या पानांचा वास यायचा आणि खरंच छातीला बरं वाटायचं.

ऊन चढलं की ते विरायचं. मग जेवणवेळेच्या आधी दर्याकडून वारा सुटायचा. सगळ्यांत आधी केळीची पानं हलायची. पानं हलली की वाडीतला वाळका पातेरा पेटवायची परवानगी. त्याआधी कुणी काडी ओढली तर सासरे अंगावर धावून यायचे, कारण वारा सुटायच्या आधीचा धूर झाडांखालीच बसतो आणि मोगऱ्याच्या कळ्यांना त्याचा वास लागतो. म्हणजे धूर बसतो हे आम्हाला माहीत होतं. पण आम्हाला ठाऊक असलेला धूर आम्हीच पेटवलेला असायचा. दुसऱ्या कुणी, कुठेतरी लांब पेटवलेला धूर दवासारखा पांढरा होऊन दाराशी येतो, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

तुळिंजला, मुलाच्या फ्लॅटवर आलो ते नातीच्या जन्माला. मुलगा आणि सून दोघं मुंबईला कामाला, सकाळी अंधारात निघायची आणि रात्री जेवायला यायची. मूल कोण सांभाळणार? वाटण्या झाल्याच होत्या, वाडी धाकटा दीर बघत होता. म्हटलं, वर्षभर जाऊ. गेलो ते गेलोच.

फ्लॅटची गॅलरी पूर्वेला. समोर दूरवर तुंगारेश्वरचे डोंगर. पावसाळ्यात ते हिरवेगार दिसायचे आणि धबधब्यांच्या पांढऱ्या धारा पडताना दिसायच्या. आमच्या ह्यांना गॅलरी आवडली. दिवाळी झाली आणि एका पहाटे समोर पांढरं दिसलं. मला हाक मारली, "अगं, बघ. इथेही पडतंय." मुलाच्या घरी त्यांना पहिल्यांदा आपलं काहीतरी सापडलं होतं. तेव्हापासून अंगावर शाल, डोक्याला मफलर, मांडीवर नात आणि तोंड पांढऱ्याकडे.

मी त्यांना सांगितलं होतं, "दव काळं नसतं. कठडा पुसला की फडकं काळं होतं."

"रंग सुटतोय कठड्याचा," ते म्हणाले. "बिल्डरने स्वस्तातला लावलाय."

"आणि वास?"

"खालच्या पाववाल्याच्या भट्टीचा."

तेही खरंच होतं. खाली पावाची भट्टी होती, त्यात जुन्या फर्निचरची लाकडं जळायची. त्यापुढे कारखान्यांचे गाळे, त्यापुढे कचऱ्याचा धुमसणारा ढीग, हायवेवरचे ट्रक, आणि डोंगराच्या पायथ्याला दगड फोडायच्या खाणी. पुढे कळलं ते असं. दिवसा दर्याकडचा वारा हे सगळं डोंगराकडे ढकलतो. समोर डोंगर आडवा, त्यामुळे पलीकडे फार जात नाही. रात्री वारा पडतो, थंडी उतरते आणि डोंगराकडून हळूहळू सगळं परत खाली सरकतं. पहाटे ते आमच्या गॅलरीत येऊन बसायचं, आणि समोर आमचे हे शाल पांघरून त्याच्या स्वागताला.

डॉक्टरीणबाईंनी सोडताना मुलाला सांगितलं, "थंडीत ह्यांना इथे ठेवू नका. पावसाळ्यात आणा हवं तर." आजाराला औषध असतं, पथ्य असतं, पण गाव बदलायला सांगतात हे त्याला नवीन होतं.

दीर केळी पोचवायच्या टेंपोतून न्यायला आला. बरोबर जाऊ आली. मी ह्यांची पिशवी भरत होते. जाऊ म्हणाली, "वहिनी, तुमची पिशवी कुठाय?"

"मी कशी येऊ? पोरीला कोण बघणार?"

"पोरीला घेऊन चला."

"तिची शाळा इथे. तिची आई संध्याकाळी येऊन कुणाचं तोंड बघणार?"

जाऊ म्हणाली, "मग म्हाताऱ्याला एकटा पाठवता? ह्या वयात नवरा परत करतात का कुणी?"

"वापरून झालाय, घेऊन जा," मी म्हटलं. ती हसली. हे हसले नाहीत. टेंपोत पुढे बसले, काच वर करायला सांगितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खिडकी उघडू नकोस. वारा सुटल्यावर उघड." मग टेंपो गेला.

तुळिंजहून निर्मळ लांब नाही. रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, बस धरायची. रविवारी सुनेला सुट्टी, तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं. लोक म्हणायचे, मग त्यात काय एवढं? काही नाही. पण रोज दोन भाकऱ्या कमी थापायच्या आणि हाताला सवय म्हणून त्या थापल्याच जायच्या. उरलेल्या मी सकाळी दुधात कुस्करून खायचे.

त्यांच्याकडे दिराने दिलेला साधा फोन होता. रोज दुपारच्या आधी वाजायचा. मी उचलला की हे काहीही न विचारता सांगायचे, "सुटला गं. केळी हलली."

निर्मळ दर्याजवळ. वारा आधी तिथे पोचतो, मग मधलं सोपारा ओलांडून, रेल्वे ओलांडून, बिल्डिंगांना अडखळत तुळिंजला येतो. मी फोन ठेवायचे आणि बंद खिडकीपाशी पाट टाकून बसायचे. खिडकीच्या फटीला कापड लावलेलं, ते फुगलं की समजायचं आला. मग खिडक्या उघडायच्या. त्यांच्या अंगावरून निघालेला तोच वारा. त्याला मोगऱ्याचा वास असतो असं मला वाटायचं म्हणून मी हुंगून बघितलं. नव्हता. वाटेत इतकी गटारं, कसा असेल? पण मी रोज हुंगायचे.

संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. सगळ्या देशावरच्या, कोकणातल्या, मुंबईहून आलेल्या बायका. एकीने वाण देता देता विचारलं, "काकू, काका दिसत नाहीत. कुठे ठेवलेत?"

"गावी."

"भांडलात की काय?"

"छे. मी पावसाळ्यापुरता नवरा केलाय. छत्रीबरोबर काढते."

खोली हसली. तीच पुन्हा म्हणाली, "मग आमच्याही नवऱ्याला पाठवा हो तुमच्या गावी, आठ महिने!" आणखी हसल्या. मीही हसले. घरी येऊन तिळाचे लाडू डब्यात भरले, रविवारी घेऊन गेले. ह्यांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "पाक चुकलाय." दात नव्हते त्यांना. पण पाक चुकला होताच.

पाऊस लागला, हवा धुतली गेली की ते यायचे. येताना केळफूल आणि कंद आणायचे. पहिले आठ दिवस आम्ही भांडायचो. माझी काडेपेटी त्यांना सापडायची नाही, त्यांचा खोकल्याच्या गोळ्यांचा डबा मी हलवलेला असायचा, टीव्हीचा आवाज मोठा असायचा. मग जमायचं. संध्याकाळी गॅलरीत बसायचो. समोर डोंगर धुतल्यासारखा. नात मधे बसून दोघांच्या ताटलीतली भजी खायची. हे तिला डोंगरावरची झाडं दाखवायचे आणि नावं सांगायचे. इतक्या लांबून कुठलं झाड कुठलं हे देवालाही कळणार नाही, पण ते ठोकून द्यायचे.

नवरात्र गेलं की मी डोंगराकडे बघायला लागायचे. आधी झाडं वेगळी दिसेनाशी होतात. मग धारांच्या जागा दिसत नाहीत. मग नुसती करडी रेघ उरते. रेघ उरली की पिशवी भरायची. दर वर्षी ह्यावरून भांडण.

"अजून दिसतोय की डोंगर," हे म्हणायचे.

"कुठे?"

"तो काय. झाडंसुद्धा दिसतायत."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेला माणूस मला डोंगरावरची झाडं दाखवत होता. मी उठले. चहा केला. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

मग ते बंदचं वर्ष आलं, साथीचं. हे नेहमीप्रमाणे निर्मळला होते आणि सगळं बंद झालं. बस नाही, रिक्षा नाही, पुलावर पोलीस. खाणी बंद, ट्रक बंद, गाळे बंद, भट्टीही बंद. चार-आठ दिवसांत हवा अशी झाली की भर उन्हाळ्यात मला डोंगर दिसायला लागला. पाऊस नसताना, ऐन उन्हात, कडा न कडा. मी सकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तुळिंजला मोकळा श्वास घेऊ शकले असते, आणि त्यांना आणायला वाट नव्हती.

फोनवर सांगितलं, "डोंगर दिसतोय."

"खरंच?"

"झाडंसुद्धा."

त्यांनी आधी खोकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं बोलतेस. मला बोलवायला."

मी म्हटलं, "हो." खरं होतं हे कशाला सांगू? त्यांना यायला मिळणार नव्हतंच. मी एकटीनेच गॅलरीत बसून तो डोंगर बघितला. चांगला होता. मला त्याचा राग आला.

नात मोठी होत गेली. तिला खोकला लागून राहिला होता, पण डॉक्टरीणबाईंच्या औषधाने आणि सकाळी खिडक्या बंद ठेवून तो हाताबाहेर गेला नाही. सातवीत गेल्यावर एकदा भूगोल मोठ्याने वाचत होती. "दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे." वाचता वाचता थांबली. "आजी, खारे म्हणजे आजोबांचे. आणि मतलई म्हणजे आपले?"

"हो. आपलेच."

"म्हणजे रात्री आपला धूर आजोबांकडे जातो?"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्यांना धुरापासून लांब ठेवलं होतं असं समजत होते.

ती पुस्तक मिटून म्हणाली, "मी आता किल्ली घेऊन जाते शाळेत. कुकर लावता येतो. तू ह्या वेळी आजोबांबरोबर जा ना."

"आणि तुझी आई?"

"आईनेच सांगितलंय. पण तुझ्यासमोर बोलायला घाबरते."

सून दारातच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "जा हो आई. किती दिवस वाऱ्याला विचारून संसार करणार?" माझ्या सुनेने मला इतक्या वर्षांत सुनावलेलं हे एकच. बरोबर होतं.

ह्या दिवाळीनंतर मी दोन पिशव्या भरल्या.

निर्मळ आता मी सोडलं तसं नाही. शेजारची वाडी विकली गेली, तिथे बिल्डिंग उठतेय, रेतीचे ट्रक दारावरून जातात. आमच्या शेतात वाल कुणी टाकत नाही. पण केळी आहे, मोगरा आहे. पहिल्या पहाटे उठले तर हे पडवीत दार लावून, मफलर बांधून बसलेले. दाराच्या फटीतून मी बाहेर बघितलं. केळीवर पांढरं उतरलं होतं.

मी फडकं घेऊन बाहेर गेले आणि एक पान पुसलं. फडकं ओलं झालं. उजेडात धरून बघितलं तर करडंही झालं होतं. तुळिंजच्या कठड्याइतकं काळं नाही, पण करडं.

"काय निघालं?" हे आतून ओरडले. "दव की धूर?"

"दोन्ही."

जाऊ चूल पेटवत होती, ती म्हणाली, "तुमच्या तुळिंजचाच असणार, वहिनी. रात्री निघतो, सकाळी आमच्या दारात."

"असू दे," हे म्हणाले, आणि खोकले. "ओळखीचा आहे. ही नव्हती तेव्हा तोच यायचा."

मी दार लावून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसले. ऊन चढेपर्यंत आम्ही तसेच बसलो. त्यांच्या छातीतून थोडा आवाज येत होता, बिजागरीचाच, पण लांबच्या दाराचा.

मग पानं हलली. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बोटाने बटणं शोधायला लागले.

"कुणाला लावताय?"

"तुला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून फोन हातातच धरून राहिले.

मी तो घेतला आणि घरी लावला. रविवार होता, नातीने उचलला. मी म्हटलं, "सुटला गं. केळी हलली."

"थांब," ती म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती खिडकीपाशी बसली असावी. मध्येच एकदा खोकली. आम्ही दोघं फोनला कान लावून थांबलो. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "कापड फुगलं. उघडू?"

"उघड," हे म्हणाले.

ह्यांचे ओठ जांभळे पडले होते त्या पहाटे तुळिंजच्या गॅलरीत आम्ही तिघं होतो. ते, नात आणि मी. तिघंही जिवंत आहोत.